लॉग लिहिणाऱ्या लॉगिनला लॉग पुसता येता कामा नये

प्रश्न थोडक्यात असा आलाय. सांगली जिल्ह्यातल्या एका ऊस वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे, जावामधलं, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. पावती निघाल्यावर ऑपरेटरनं वजनात काही दुरुस्ती केली की ती लॉग टेबलमधे, म्हणजे कुणी काय बदललं याच्या नोंदवहीत, नोंदली जाते. एका शेतकऱ्यानं वजनाबद्दल तक्रार केली म्हणून लॉग उघडून बघितला तर नेमक्या त्या रात्रीच्या ओळीच नाहीत. ॲप, रिपोर्ट, लॉग सगळं एकाच लॉगिननं चालतंय, त्यामुळं कुणी उडवल्या तेही कळत नाही. आणि विचारलंय असं की लॉगर क्लास सोडून बाकी कुठल्याच कोडला त्या टेबलला हात लावता येणार नाही अशी परमिशन ॲपमधे कशी लावायची.

सरळ सांगतो, ती परमिशन ॲपच्या कोडमधे लावायचीच नाही. ती डेटाबेसमधे लावायची. कोडकडं दोनच कामं राहतात, खरा माणूस कोण बसलाय ते डेटाबेसला सांगणं आणि लॉगमधे जाऊ नये ती माहिती तिथं जाऊ न देणं. बाकी कोण लिहिणार, कोण वाचणार, कोण पुसणार हे डेटाबेसनं ठरवायचं, कारण ज्यानं ओळी उडवल्या त्यानं तुमच्या ॲपमधून उडवल्या असतील असं कशावरनं धरायचं? पीजीॲडमिन, म्हणजे पोस्टग्रेस थेट हाताळायचं टूल, उघडून, ॲपच्या कॉन्फिग फाइलमधला पासवर्ड टाकून, एक डिलीट चालवलं की झालं. तुमचा लॉगर क्लास त्या वाटेवर येतच नाही.

कोडमधे असली भिंत घालायचा प्रयत्न मोठ्या कंपन्यांनी करून बघितलेला आहे. डॉट नेट फ्रेमवर्कमधे कोड ॲक्सेस सिक्युरिटी म्हणून प्रकार होता, त्यात लॉगिंगच्या असेंब्लीला, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याला, डेटाबेसची परमिशन द्यायची, तिनं आत असर्ट करायचं, म्हणजे ही परमिशन माझ्या जबाबदारीवर वापरतोय असं सांगायचं, मग बोलावणाऱ्या कोडला ती परमिशन नसली तरी लॉग लिहिला जायचा. कल्पना चांगली होती पण सांभाळायला फार अवघड, आणि ही सुरक्षेची हद्द म्हणून धरू नका असं शेवटी मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं, डॉट नेट कोरमधे ते आलंच नाही. जावाच्या सिक्युरिटी मॅनेजरचंही तेच, २०२१ ला जावा १७ मधे तो डेप्रिकेट झाला, म्हणजे पुढं काढणार असं जाहीर झालं, आणि २०२५ च्या जावा २४ मधे कायमचा बंद. एकाच प्रोसेसमधे, एकाच मेमरीत चालणाऱ्या कोडला एकमेकांपासून वेगळं ठेवणं टिकत नाही. पण त्या असर्टमागचा जो विचार होता, म्हणजे बोलावणाऱ्याकडं हक्क नाही पण ठराविक एका दारातून तेवढंच एक काम करता येतं, तो बरोबर होता आणि तो आज डेटाबेसमधे उत्तम मिळतोय. त्याकडं येतोच.

पहिल्यांदा एक तपासा, टेबलचा मालक कोण आहे. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नव्वद टक्के लोक इथंच फसतात. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमधे हायबरनेटचं (जावातला डेटा टेबलात ठेवणारी लायब्ररी, असल्या लायब्ररीला ओआरएम म्हणतात) डीडीएल ऑटो अपडेटवर ठेवलेलं असतंय, ॲप सुरू होताना स्वतःच टेबलं तयार करतंय, म्हणजे ॲपचं लॉगिनच सगळ्या टेबलांचं मालक होऊन बसतंय. पोस्टग्रेसमधे मालकाकडून तुम्ही डिलीट रिव्होक केलं, म्हणजे तो हक्क काढून घेतला, तरी काही उपयोग नाही, तो पुढच्या मिनिटाला स्वतःच स्वतःला परत ग्रँट करू, म्हणजे देऊ शकतोय, टेबल ड्रॉप करू शकतोय, त्याच्यावरचा ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड, डिसेबल करू शकतोय. त्यामुळं मालकी वेगळ्या रोलकडं, म्हणजे डेटाबेसमधल्या वेगळ्या खात्याकडं पाहिजे आणि त्या रोलला लॉगिनच नसावं. समजा वजनाच्या टेबलांचा मालक काटा_मालक, लॉगच्या टेबलांचा मालक लॉग_मालक, दोघंही नो-लॉगिन. ॲप जोडतंय ते काटा_ॲप म्हणून, त्याची मालकी कशावरच नाही. टेबलं बदलायची, कॉलम वाढवायचे, हे फ्लायवे किंवा तत्सम माइग्रेशनच्या टूलनं आणि त्याच्यासाठी वेगळं लॉगिन, ज्याचा पासवर्ड काट्यावरच्या सर्व्हरच्या कॉन्फिगमधे अजिबात नसतो. आणि ॲप जर पोस्टग्रेस नावाच्या सुपरयुझरनंच जोडत असेल, जे आपल्याकडं सर्रास दिसतंय, तर आधी ते बंद करा, त्याशिवाय खालचं काहीच लागू होत नाही. सुपरयुझरला परमिशनचे नियम लागतच नाहीत.

लॉगचं टेबल वेगळ्या स्कीमात, म्हणजे डेटाबेसमधल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, पब्लिक या नेहमीच्या कप्प्यात नको. याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. बऱ्याच जणांच्या डिप्लॉयच्या स्क्रिप्टमधे शेवटची ओळ असती, पब्लिक स्कीमातल्या सगळ्या टेबलांवर ॲपला ग्रँट ऑल. तुम्ही सोमवारी लॉगच्या परमिशन नीट आवळल्या आणि गुरुवारी नवीन व्हर्जन चढवलं की ती ओळ सगळं परत उघडून टाकती, आणि एरर कुठंच येत नाही म्हणून वर्षभर कुणाला कळतही नाही. वेगळ्या स्कीमाला ती ओळ लागत नाही. शिवाय पोस्टग्रेस १५ पासून नवीन डेटाबेसमधे पब्लिक स्कीमात कुणालाही टेबल तयार करायची मुभा काढून टाकली आहे, पण जुन्या व्हर्जनवरनं वर आणलेल्या डेटाबेसमधे ती जुनी मुभा तशीच राहती, तेवढी हातानं रिव्होक करायला लागती.

आता ग्रँट. काटा_ॲपला लॉगच्या स्कीमावर युसेज, म्हणजे आत जायची परवानगी, आणि लॉगच्या टेबलवर फक्त इन्सर्ट. सिलेक्ट नाही, अपडेट नाही, डिलीट नाही, ट्रंकेट (अख्खं टेबल एकदम रिकामं करणं) नाही. ट्रंकेट वेगळं लिहितोय कारण पोस्टग्रेसमधे ती स्वतंत्र परमिशन आहे, डिलीट काढून ट्रंकेट राहिलं असं होतंय, आणि ट्रंकेट केलं की ओळीवरचे ट्रिगर चालतच नाहीत. आपल्या सांगलीच्या गणपती मंदिरातल्या दानपेटीसारखं धरा, टाकता सगळ्यांना येतंय, किल्ली दुसऱ्याकडं. त्यातही पुढं जाऊन कॉलमनुसार इन्सर्ट देता येतंय आणि ते जरूर द्या. वेळ आणि डेटाबेस लॉगिन हे दोन कॉलम ग्रँटमधून वगळायचे आणि त्यांना डिफॉल्ट लावायचा, वेळेला क्लॉक टाइमस्टँप, लॉगिनला सेशन युझर. मग ॲपनं ठरवलं तरी कालची वेळ घालून आजची ओळ लिहिता येत नाही. नाऊ फंक्शन वापरत असाल तर लक्षात ठेवा की ते ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट, सुरू झाल्याची वेळ देतंय, प्रत्यक्ष ओळ लिहिल्याची नाही, लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमधे दोन्हीत बराच फरक पडतोय.

हे केलं की दुसऱ्या दिवशी तुमचा फोन येणार, परमिशन डिनाइड म्हणून एरर येती, इन्सर्ट तर दिलंय. बरोबर आहे, आणि बहुतेक जण इथं वैतागून परत ग्रँट ऑल करून मोकळे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हायबरनेट काय किंवा दुसरं कुठलं ओआरएम काय, ओळ घातल्यावर तिचा नंबर परत मागतंय, म्हणजे इन्सर्टच्या शेपटीला रिटर्निंग आयडी लावतंय. रिटर्निंगमधे ज्या कॉलमचं नाव आहे त्याच्यावर सिलेक्ट परमिशन लागती. उपाय दोन. एक, फक्त आयडी कॉलमवर सिलेक्ट द्या, त्यानं लॉगमधला मजकूर उघडा पडत नाही. दोन, लॉगसाठी ओआरएम वापरूच नका, जावातून डेटाबेसशी थेट बोलायच्या जेडीबीसीचं साधं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, लॉगच्या ओळीचा नंबर ॲपला लागतोय कशाला. मला दुसरं जास्त आवडतं. अजून एक खोच, कॉलम सीरियल प्रकारचा असेल तर त्याच्या सीक्वेन्सवर, म्हणजे पुढचा नंबर देणाऱ्या मोजणीवर, वेगळी युसेज परमिशन लागती, पण पोस्टग्रेस १० पासून आलेला आयडेंटिटी कॉलम वापरला तर ती लागत नाही. नवीन टेबल करताय तर आयडेंटिटीच करा.

त्याच्यापुढची पायरी म्हणजे ॲपला टेबलवर इन्सर्टसुद्धा द्यायचं नाही, एक फंक्शन द्यायचं. लॉग_मालकाच्या मालकीचं फंक्शन, सिक्युरिटी डिफायनर लावलेलं, म्हणजे बोलावणारा कुणीही असला तरी आतलं काम मालकाच्या हक्कानं होतंय. वर असर्टबद्दल बोललो ना, तोच विचार, फक्त इथं भिंत खरी आहे, कारण ॲप आणि डेटाबेस वेगळ्या प्रोसेस आहेत. फंक्शनच्या आत तुम्ही तपासू शकता, दुरुस्तीचं कारण रिकामं नाही ना, कामाचा प्रकार ठरलेल्या यादीतला आहे ना, मजकूर फार लांब नाही ना. मात्र सिक्युरिटी डिफायनर लिहिताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. पहिली, फंक्शनवरच सर्च पाथ, म्हणजे नावं कुठल्या स्कीमात शोधायची तो क्रम, पक्का करून टाकायचा, लॉगचा स्कीमा आणि सगळ्यात शेवटी पीजी टेंप हा तात्पुरता स्कीमा. नाहीतर बोलावणारा स्वतःच्या स्कीमात त्याच नावाचं टेबल किंवा फंक्शन ठेवून तुमच्या फंक्शनला तिकडं वळवू शकतोय, आणि तेही मालकाच्या हक्कानं. सर्च पाथच्या या धोक्यावर पोस्टग्रेसनं २०१८ मधे स्वतंत्र सूचना काढली होती, सुरक्षेच्या त्रुटींच्या यादीतला तिचा नंबर सीव्हीई-२०१८-१०५८. दुसरी, पोस्टग्रेसमधे नवीन फंक्शन तयार झालं की ते चालवायचा हक्क आपोआप सगळ्यांना, म्हणजे पब्लिकला मिळतोय. तो त्याच ट्रान्झॅक्शनमधे रिव्होक करा आणि मग फक्त काटा_ॲपला द्या. सिक्युरिटी डिफायनरच्या आत करंट युझर विचारलं तर मालकाचं नाव येतंय, खरा जोडलेला लॉगिन पाहिजे असेल तर सेशन युझर.

पण सेशन युझर तरी काय सांगणार, काटा_ॲप. तीन पाळ्यांतले सगळे ऑपरेटर, कार्यालयातले क्लार्क, सगळे त्या एकाच नावानं आत येतात कारण मधे कनेक्शन पूल, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीनं वापरायच्या उघड्या कनेक्शनांचा साठा आहे. म्हणून कोडकडचं पहिलं काम, खरा माणूस सांगणं. प्रत्येक ट्रान्झॅक्शन सुरू झाल्या झाल्या सेट कॉन्फिग फंक्शननं ॲप.युझर नावाच्या सेटिंगमधे लॉगिन झालेल्या ऑपरेटरचा कोड ठेवायचा, आणि तिसरा पॅरामीटर ट्रू द्यायचा, म्हणजे ते सेटिंग त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच राहतंय. फॉल्स दिलं तर कनेक्शन पूलमधे परत जातं तेव्हा सेटिंग चिकटून राहतंय आणि पुढच्या माणसाची दुरुस्ती आधीच्या माणसाच्या नावावर लागती. गरीब बिचाऱ्या रात्रपाळीच्या ऑपरेटरवर न केलेल्या कामाचा ठपका यायला एवढी एक चूक पुरती, म्हणून हे दोनदा तपासा. वाचताना करंट सेटिंगला दुसरा पॅरामीटर ट्रू दिला की सेटिंग नसेल तर नल मिळतोय, पण एक बारकावा आहे, त्याच कनेक्शनवर ते सेटिंग पूर्वी कधी वापरलं गेलं असेल तर ट्रान्झॅक्शन संपल्यावर ते नल न होता रिकामी स्ट्रिंग होतंय. त्यामुळं दोन्ही तपासायचं आणि नाव नसेल तर दुरुस्तीच नाकारायची.

हे नाव ॲप सांगतंय, म्हणजे ॲप खोटं सांगू शकतं हे खरं आहे. म्हणून लॉगमधे दोन्ही नावं ठेवायची, ॲपनं सांगितलेलं माणसाचं नाव आणि डेटाबेसनं स्वतः बघितलेलं लॉगिन, सोबत कुठल्या आयपीवरनं कनेक्शन आलं ते. ॲप सर्व्हरच्या आयपीशिवाय दुसरीकडनं काटा_ॲपच्या नावानं ओळ आली असेल तर ती पीजीॲडमिनवाली ओळ आहे हे लगेच दिसतंय. खरंतर पीजी एचबीए, म्हणजे कोण कुठून जोडू शकतंय ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या फाइलमधे काटा_ॲपला फक्त ॲप सर्व्हरवरनंच येऊ द्यायचं, म्हणजे ती वाटही बंद.

आता लॉग दोन जातीचे असतात आणि ते एकत्र कालवले की गोंधळ होतोय. पहिला, झालेल्या बदलाचा. समजा भरलेली गाडी २१,४८० किलो, रिकामी ५,९२० किलो, निव्वळ ऊस १५,५६० किलो. पावती निघाली, शेतकरी घरी गेला, आणि नंतर कुणीतरी रिकामं वजन ६,४२० केलं. निव्वळ झालं १५,०६०, म्हणजे अर्धा टन ऊस गेला. इथं लॉगमधे काय पाहिजे तर पावती नंबर, कुठला कॉलम, जुनं ५,९२०, नवं ६,४२०, कोण, कधी, कुठल्या मशीनवरनं, आणि कारण. नुसतं पावती दुरुस्त केली असं वाक्य काही कामाचं नाही, जुना आकडा नसेल तर शेतकऱ्याला दाखवणार काय. ही नोंद ॲपनं आठवणीनं करायची नसती, ती वजनाच्या टेबलवर ट्रिगर लावून करायची, त्याच ट्रान्झॅक्शनमधे. बदल झाला तर नोंद झालीच, नोंद झाली नाही तर बदलही नाही. ट्रिगरचं फंक्शनही सिक्युरिटी डिफायनर आणि लॉग_मालकाच्या मालकीचं ठेवा, म्हणजे काटा_ॲपला लॉगच्या टेबलवर काहीच हक्क लागत नाही. आणि वर मालकीबद्दल जे सांगितलं ते इथं परत लागू होतंय, ट्रिगर डिसेबल करायला टेबलची मालकी लागती, ॲप मालक नसेल तर ते त्याला जमणार नाही.

दुसरी जात म्हणजे न झालेल्या गोष्टींची. चुकीचा पासवर्ड, हक्क नसताना वजन बदलायचा प्रयत्न, मधेच फेल झालेली दुरुस्ती. इथं जर लॉग त्याच ट्रान्झॅक्शनमधे लिहिला तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागं घेणं, झाल्यावर लॉगही त्याच्याबरोबर गेला, आणि नेमका तोच बघायचा असतोय. ओरॅकलमधे यासाठी ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन आहे, पोस्टग्रेसमधे तसं थेट काही नाही. म्हणून ॲपमधे दुसरा छोटा कनेक्शन पूल करायचा, लॉग_लेखक नावाच्या लॉगिननं, ज्याला फक्त या लॉगच्या फंक्शनचा हक्क आहे आणि वजनाच्या टेबलांचं तोंडसुद्धा दिसत नाही. पूल वेगळाच पाहिजे, मुख्य पुलातलंच दुसरं कनेक्शन मागायचं नाही. हंगामात काट्यासमोर रांग लागलेली असते, सगळी कनेक्शनं कामात आहेत, आणि प्रत्येक रिक्वेस्ट हातातलं न सोडता अजून एक मागती, मग सगळंच अडकून बसतंय.

लॉग लिहिता आला नाही तर काम थांबवायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण तो येणारच. वजन दुरुस्ती, रद्द पावती, ऑपरेटरचे हक्क बदलणं, यात लॉग नाही तर काम नाही, यात तडजोड नको. कुणी रिपोर्ट उघडला, कुणी लॉगआउट झालं, असल्या नोंदी नाही गेल्या तर लोकल फाइलमधे टाका आणि पुढं चला, त्याच्यापायी गाड्या उभ्या करू नका.

कोडकडचं दुसरं काम, नको ते लॉगमधे जाऊ न देणं. २०१८ च्या मे महिन्यात गिटहब आणि ट्विटर या दोघांनीही कबूल केलं होतं की पासवर्ड हॅश, म्हणजे परत वाचता न येणाऱ्या रूपात, व्हायच्या आधी त्यांच्या अंतर्गत लॉगमधे साध्या अक्षरात जात होते. ट्विटरनं तर आपल्या सगळ्या, म्हणजे ३३ कोटींवर युझरना पासवर्ड बदलायला सांगितलं. आपल्याकडं त्याच्या जोडीला शेतकऱ्याचा आधार नंबर, बँक खातं, ओटीपी हे सगळं लॉगमधे सापडतंय, कारण कुणीतरी डीबग करताना अख्खी रिक्वेस्ट छापलेली असती आणि ती तशीच राहती. लॉगमधे जाणारे कॉलम नावानं ठरवा, यादीत आहे तेवढंच जाईल, बाकी नाही. उलट करू नका, म्हणजे सगळं टाकायचं आणि पासवर्ड वगळायचा, कारण उद्या नवीन कॉलम आला की तो वगळायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि मजकूर कधीही स्ट्रिंग जोडून एसक्यूएलमधे घालायचा नाही. लॉग फॉर जे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीच्या जुन्या १ नंबरच्या मालिकेत जेडीबीसी अपेंडर, म्हणजे लॉग डेटाबेसमधे लिहिणारा भाग, असंच करायचा, मेसेज उचलून क्वेरीत चिकटवायचा, २०२२ मधे त्याला सीव्हीई-२०२२-२३३०५ नंबर पडला, आणि ती मालिका २०१५ पासूनच बंद असल्यानं दुरुस्ती काही आली नाही. आपल्या भागातल्या किती जुन्या सॉफ्टवेअरमधे ती जार फाइल अजून आहे हे बघितलं की काळजी वाटते. एकदा प्रोजेक्टच्या लायब्ररी फोल्डरमधे बघून घ्याच. इथं परमिशनचा फायदा कसा होतोय बघा, असल्या इंजेक्शनमधून, म्हणजे मजकुरात लपवून घुसवलेली क्वेरी ज्या लॉगिननं चालती तेवढंच नुकसान करू शकती. लॉग_लेखकच्या कनेक्शनवर फार तर खोट्या ओळी लिहिल्या जातील, वजनाचं टेबल उडणार नाही. सुपरयुझरच्या कनेक्शनवर काय होईल ते तुम्हीच विचार करा.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण पतसंस्थांमधे तोही असतोय. ॲपला डीबी ओनर द्यायचं नाही, डीबी डेटारायटर पण नाही, कारण त्यात सगळ्या टेबलांवर डिलीट येतंय. स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमधेच ठेवलेला कोड, करा आणि तिच्यावर फक्त एक्झिक्यूट द्या, प्रोसिजर आणि लॉग टेबलचा मालक एकच असेल तर ओनरशिप चेनिंगमुळं टेबलवर वेगळा हक्क लागत नाही. प्रोसिजरमधे डायनॅमिक एसक्यूएल असेल तर ती साखळी तुटती, तिथं एक्झिक्यूट ॲज ओनर लावायला लागतंय, आणि मग खरं लॉगिन ओरिजिनल लॉगिन या फंक्शननं घ्यायचं. २०२२ च्या व्हर्जनपासून लेजर टेबल आहे, त्यातला अपेंड ओन्ली प्रकार लॉगसाठीच केल्यासारखा आहे, त्यात अपडेट डिलीट चालतच नाही आणि ओळींचा हॅश आपोआप साखळीत जातोय. मायएसक्यूएलमधे प्रोसिजर मुळातच डिफायनरच्या हक्कानं चालती, फक्त डिफायनर म्हणून रूट ठेवू नका.

लॉग वाचायचा कुणी? ज्यांच्या दुरुस्त्या त्यात आहेत त्यांनी नाही, आणि ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्यानंही रोज नाही. लॉग_वाचक हा वेगळा रोल, फक्त सिलेक्ट, ऑडिटर किंवा शेती अधिकाऱ्याकडं. जुना लॉग काढायला अजून वेगळा रोल, आणि तो डिलीट चालवत नाही, टेबल महिन्यानुसार पार्टिशन केलेलं, म्हणजे तुकड्यांत विभागलेलं असतंय आणि मुदत संपलेलं पार्टिशन आधी बाहेर कॉपी करून मग काढून टाकतो. मुदत किती, तर सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं सिस्टिमचे लॉग १८० दिवस तरी भारतात ठेवायला लागतात. वजनाच्या दुरुस्तीला मी तेवढ्यावर थांबणार नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण वजनाचा वाद त्यानंतर कधीही निघतोय, हिशोब पूर्ण होऊन ऑडिट झाल्याशिवाय त्या हंगामाचं एकही पार्टिशन काढू नका. कारखाना सहकारी नसून कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे बंद न करता येणारा एडिट लॉग ठेवणं कंपनी नियमांप्रमाणं बंधनकारकच आहे. सहकारीला तो नियम थेट लागू नसला तरी शेतकऱ्याचा हक्क दोन्हीकडं सारखाच.

राहिला सुपरयुझर. ज्याच्याकडं मशीनचा रूट पासवर्ड आहे त्याला डेटाबेसमधली कुठलीच परमिशन अडवू शकत नाही, हे मान्य करून पुढं जायचं. त्याला उपाय एकच, नोंद होताक्षणी तिची प्रत त्याच्या हाताबाहेर गेली पाहिजे. दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या माणसाच्या ताब्यात, जिथं पाठवणाऱ्याला लिहिता येतंय पण पुसता येत नाही. पीजीऑडिट हे पोस्टग्रेसमधल्या हालचाली नोंदवणारं एक्स्टेन्शन लावून त्याचा लॉग सिसलॉगनं, म्हणजे लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायच्या सोयीनं, बाहेर पाठवला तरी चालतंय, आणि परमिशनमधे कुणी बदल केला, कुणी ट्रिगर बंद केला, हे त्यातच सापडतंय. ती दुसरी मशीन त्याच केबिनमधे शेजारी ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे, आणि गावभागात ज्यांचे सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटात होती त्यांचं दोन्ही गेलं. मिरजेच्या वरच्या अंगाला ठेवा, पुण्यात ठेवा, क्लाउडवर ठेवा, पण एका पाण्यात दोन्ही जातील असं ठेवू नका.

शेवटी हे सगळं खरंच लागलंय का ते कोडनंच तपासायचं. टेस्टमधे काटा_ॲप म्हणून जोडायचं आणि लॉगवर डिलीट, अपडेट, ट्रंकेट, वजनाच्या टेबलवर ट्रिगर डिसेबल, असं एकेक चालवून बघायचं, प्रत्येकाला नकार आलाच पाहिजे, एक जरी चाललं तर बिल्ड फेल. वर म्हटलेली ती ग्रँट ऑलवाली ओळ कुणी परत घातली तर त्याच दिवशी पकडली जाईल.

हंगाम चालू असेल तर मालकी बदलायच्या फंदात आत्ता पडू नका, हायबरनेटचं ऑटो अपडेट बंद केल्यावर काय काय अडतंय ते गाळप बंद असताना शांतपणे बघायचं काम आहे. आत्ता लगेच करण्यासारखं एवढंच, लॉगची प्रत बाहेर पाठवणं सुरू करा, ॲप सुपरयुझरनं जोडत असेल तर साधं लॉगिन करून द्या, पासवर्ड बदला, आणि पीजी एचबीएमधे बाहेरच्या मशीन बंद करा. उडालेल्या ओळींसाठी जुना बॅकअप आणि वॉल आर्काइव्ह, म्हणजे पोस्टग्रेसनं प्रत्येक बदलाची ठेवलेली नोंद, असेल तर ते वेगळ्या मशीनवर त्या रात्रीच्या वेळेपर्यंत रिस्टोअर करून बघा, डिलीट व्हायच्या आधीच्या मिनिटाला थांबलात तर त्या ओळी मिळतील आणि त्या शेतकऱ्याला त्याचं मूळ रिकामं वजन दाखवता येईल. आर्काइव्हच्या फाइली जुन्या होऊन आपोआप उडत असतील तर आधी ते थांबवा, बाकीचं नंतर.